लंडनच्या ट्रेनिंग कॉलेजात अतिया फैजी

उर्दू साहित्याच्या इतिहासात अतिया फैजी हे नाव बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी चरित्रात येते. मौलाना शिबली नोमानींनी त्यांना लिहिलेली पत्रे, अल्लामा इक्बालांनी त्यांना लिहिलेली पत्रे, आणि त्या पत्रांवरून आजवर रंगलेल्या चर्चा. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे, इक्बाल आमच्या वर्गात असतातच. त्यामुळे अतियाबेगम आम्हालाही आधी त्याच दाराने भेटल्या. पण १९०६ साली त्या लंडनला गेल्या त्या कुणा कवीला भेटायला नव्हे. त्या शिक्षिका होण्यासाठी गेल्या होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर बी.एड. करायला!

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, ती हकिकत मराठी घराघरांत माहीत आहे आणि असायलाच हवी. त्यानंतर तेवीस वर्षांनी मुंबईची एक मुस्लिम तरुणी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात दाखल झाली आणि तिथल्या दिवसांची रोजनिशी तिने उर्दूत लिहिली, हे मात्र आमच्याच लोकांना सांगावे लागते.

अतियाबेगमचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलचा. वडील हसनअली व्यापारानिमित्त तिकडे असत. खानदान सुलेमानी बोहरा, मुंबईच्या तय्यबजींच्या गोतावळ्यातले. मोठ्या बहिणी जोहरा आणि नाजली. नाजलीबेगम म्हणजे जंजिऱ्याच्या नवाब सिद्दी अहमदखानांच्या बेगम, तेव्हा आमच्या कोकणालाही हे घर परके नाही. या तय्यबजी खानदानात एक सुंदर रिवाज होता. घरात ‘अखबार’ नावाची एक वही असे. घरातल्या कुणीही, बाईने, मुलाने, पाहुण्याने, दिवसाची हकिकत तीत लिहायची आणि बाकीच्यांनी ती वाचायची. मूळचे घर गुजरातीचे, पण पुढे या वह्या उर्दूत लिहिल्या जाऊ लागल्या. आपले लिहिणे चार माणसे वाचणार आहेत, ही सवय अतियाबेगमना अशी लहानपणापासून होती.

लंडनही या घराला नवे नव्हते. कमरुद्दीन तय्यबजी १८५८ साली तिथे सॉलिसिटर झाले. त्यांचे धाकटे भाऊ बद्रुद्दीन १८६० साली वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास शिकायला तिथे गेले. सुएझचा कालवा तेव्हा व्हायचा होता. डोळ्यांच्या आजाराने १८६४ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला यावे लागले. पुढच्या वर्षी ते परत गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढे काँग्रेसचे अध्यक्ष, हायकोर्टाचे न्यायमूर्ती. ही आजारपणाची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, तिच्याकडे आम्हाला पुन्हा यायचे आहे. हेच बद्रुद्दीन १९०६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्येच वारले. खानदानावर असे दुःख कोसळलेले असताना, दोनच आठवड्यांच्या आसपास, १ सप्टेंबर १९०६ रोजी अतियाबेगम मुंबईहून ‘मोल्डेव्हिया’ या बोटीने निघाल्या. जिथून मृत्यूची बातमी आली त्याच शहराकडे मुलीला शिकायला पाठवायचे, यात घरच्यांची केवढी हिंमत होती, याचा विचार आम्ही अनेकदा केला आहे.

१९०१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या घरात होती. प्लेगने ती घटलेली होती. त्याच साली लंडन काउंटीची वस्ती ४५ लाख. रस्त्यांवर घोड्यांच्या बसगाड्या आणि नव्या मोटारबसगाड्या एकत्र धावत होत्या. जमिनीखालची बेकरलू रेल्वे मार्च १९०६ मध्येच सुरू झालेली. पार्लमेंट उघडण्याच्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी पार्लमेंटच्या आवारात निदर्शने केली आणि त्यांतल्या काही जणी तुरुंगात गेल्या. नव्या विद्यार्थिनीचे हे पहिलेच आठवडे!

कॉलेजचे नाव मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज. माध्यमिक शाळांत शिकवणाऱ्या स्त्रियांना तयार करण्यासाठी १८७८ साली निघालेले आणि १८९२ पासून शहराच्या वायव्येला ब्रॉन्ड्सबरी भागात असलेले. प्राचार्या ॲलिस वुड्स. मुलामुलींच्या सहशिक्षणाचा पुरस्कार करणारे निबंधांचे पुस्तक त्यांनी १९०३ साली संपादित केले होते. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. काही ठिकाणी अतियाबेगमना केंब्रिजची विद्यार्थिनी म्हटले जाते, ते बरोबर नाही. एप्रिल १९०७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या त्या सय्यद अली बिलग्रामींच्या पाहुण्या म्हणून. त्यांचा वर्ग ब्रॉन्ड्सबरीचा. आम्हाला तोच जास्त मोलाचा वाटतो. शिकवावे कसे, हे शिकण्यासाठी सातासमुद्रापार जाणे आजही दुर्मिळच आहे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रमजान लागला. लंडनमध्ये त्या वेळी आजच्यासारख्या मशिदी नव्हत्या. वोकिंगची मशीद १८८९ सालची, पण ती लंडनबाहेर, आणि डॉ. लाइटनर यांच्या निधनानंतर १८९९ पासून १९१३ पर्यंत जवळपास बंदच. नोव्हेंबरच्या मध्याला, ईदच्या सुमारास, तिथला दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. दुपारी चार वाजून गेले की मगरीब. मुंबईत वाढलेल्या माणसाला घड्याळच उलटे लागल्यासारखे वाटावे.

पेहराव त्यांनी बदलला नाही. म्हणजे बुरखाही नाही आणि मेमसाहेबांचा गाऊनही नाही. डोके आणि अंग झाकलेले, चेहरा आणि हात मोकळे, असा स्वतःचा एक लिबास त्यांनी ठरवून घेतला होता आणि तोच त्या सगळीकडे वापरीत. पर्द्यावर आपल्याकडे झालेल्या वादांचे कागद रचले तर एक खोली भरेल. या बाईंनी वाद न घालता शिंप्याकडूनच प्रश्न सोडवून घेतला!

आणि रोजनिशी. ती मुंबईला बहिणींकडे जाई. तिथून ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या साप्ताहिकात क्रमशः छापून येऊ लागली. हे साप्ताहिक सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी १८९८ मध्ये स्त्रियांसाठी काढलेले, आणि संपादिका मुहम्मदी बेगम स्वतः. घरातली ‘अखबार’ची वही आता पंजाबपासून दख्खनपर्यंतच्या उर्दू वाचणाऱ्या बायकांच्या हाती गेली, असेच म्हणावे लागेल. कॉलेज, भेटीगाठी, जेवणावळी, पाहिलेली ठिकाणे, असा साधा रोजचा मजकूर. उंबरा न ओलांडलेल्या मुलीला बोट, रेल्वे, कॉलेज यांची इत्यंभूत खबर त्यातून मिळे, आणि सांगणारी तिच्यासारखीच कुणी तरी मुसलमान मुलगी असे. हे शिक्षणच होते, आणि ते शिक्षिकेला प्रमाणपत्र मिळण्याआधीच सुरू झाले होते. त्यात इक्बाल येतात ते थोडक्यात. त्या भेटींचा विस्तार अतियाबेगमनी केला तो चाळीस वर्षांनी, १९४७ च्या इंग्रजी पुस्तकात. तोवर इक्बाल ‘अल्लामा इक्बाल’ झालेले होते.

या प्रशिक्षणाची गरज किती होती ते पाहावे. त्याच ऑक्टोबर १९०६ मध्ये अलीगढला शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा सुरू केली. तिची पहिली अडचण पैशाइतकीच शिकवणाऱ्या बाईची होती. शिकलेली, पर्द्यातल्या घरांना चालेल अशी, शिकवायचे कसे हे जाणणारी मुसलमान शिक्षिका आणायची कुठून? अशी एक ब्रॉन्ड्सबरीत तयार होत होती.

ती पूर्ण तयार झाली नाही. प्रकृती बिघडली आणि अभ्यासक्रम अर्धा टाकून अतियाबेगम १९०७ मध्ये परतल्या. बद्रुद्दीनही असेच परतले होते, पण त्यांना वर्षभरात पुन्हा पाठवले गेले. अतियाबेगम १९०८ साली पुन्हा युरोपला गेल्या खऱ्या, पण नाजलीबेगम आणि नवाबसाहेबांबरोबर, प्रवासाला. कॉलेजात नाही. एकाच खानदानातली ही दोन आजारपणे. एकाचे अर्धवट शिक्षण पूर्ण झाले, दुसरीचे तसेच राहिले. दोष कुणाचा, हे आम्ही ठरवत नाही. सुधारलेल्या, सधन, सुशिक्षित घरातही हे असे झाले, एवढे मात्र आमच्या मनातून जात नाही. दहावीत पहिल्या येणाऱ्या मुली पुढे दिसेनाशा होतात, तेव्हा तर नाहीच नाही.

पुढचे आयुष्य मोठे आहे. १९१२ मध्ये चित्रकार सॅम्युअल रहमीन यांच्याशी निकाह, भारतीय संगीतावर इंग्रजी ग्रंथ, फाळणीनंतर कराची, आणि तिथेच १९६७ मध्ये इंतकाल. शिक्षिका म्हणून त्या कुठल्या शाळेत उभ्या राहिल्या नाहीत. लाहोरच्या साप्ताहिकातली ती रोजनिशी १९२१ मध्ये आग्र्याहून पुस्तकरूपाने निघाली. तेव्हा अतियाबेगम चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या, प्रमाणपत्र नव्हतेच. पुस्तकाचे नाव आहे ‘जमाना-ए-तहसील’, म्हणजे शिकण्याचा काळ.