अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी नव्हे!

मंडळी, "अंगणवाडीत खिचडीशिवाय असतं काय?" असं परवा कट्ट्यावर एक जण म्हणाला. म्हणून थोडा इतिहास.

ताराबाई मोडक १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. मॉन्टेसरीची साधनं महाग, खेड्यात कुणाला परवडणार? मग शिंपले, बिया, पानं, खडे गोळा केले. पोरं त्यावरच मोजायला शिकली. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीत गेली, कुणाच्या तरी अंगणात भरली. आधी नखं, केस, अंघोळ, मग गाणी-गोष्टी. अंगणवाडी ती हीच! १९५७ ला हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं.

सरकारी एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, देशभरात ३३ ठिकाणी. केंद्राचं नाव अंगणवाडीच, पण खातं शिक्षणाचं नाही. सेविकेला पगारही नाही, 'मानधन'! (मान किती आणि धन किती, ते तिलाच विचारा.) तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं.

वजनं, लसीकरण, आहाराची रजिस्टरं, मोबाईलवरच्या नोंदी, वर मतदारयादीची कामं. गाणी-गोष्टींना वेळ उरतो किती?