गोल्डन ॲक्स

जपानमधील सेगा कंपनीने आर्केड यंत्रांसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या सार्वजनिक यंत्रांसाठी, १९८९ साली तयार केलेला अद्‌भुत कथानकाचा व हाणामारीचा व्हिडिओ खेळ. त्याची रचना माकोतो उचिदा यांनी केली. आल्टर्ड बीस्ट (१९८८) हा खेळही त्यांचाच. डोळ्यांत भरणारी चित्रसंपदा आणि खेळाडूला मेटाकुटीस आणणारी कठीणता, अशी गोल्डन ॲक्सची दुहेरी ख्याती आहे. हे दोन गुण वरवर परस्परविरोधी वाटले, तरी दोहोंचा उगम नाणेयंत्राच्या व्यवहारात आहे.

पार्श्वभूमी : एकट्या वीराने चालून येणाऱ्या अनेक शत्रूंना हातघाईने लोळवीत पुढे जावयाचे, अशा खेळांना ‘बीट-एम-अप’ म्हणतात. कुंग-फू मास्टर (१९८४) या खेळात वीर एकाच सरळ रेषेत डावी-उजवीकडे फिरत असे. टेक्नोस कंपनीच्या नेक्केत्सु कोहा कुनिओ-कुन (१९८६) या खेळाने त्यास खोलीची जोड दिली. वीर पडद्यावर वर-खाली, म्हणजेच प्रेक्षकापासून दूर व जवळ, जाऊ लागला. त्याच कंपनीच्या डबल ड्रॅगनमध्ये (१९८७) दोन खेळाडूंना खांद्याला खांदा लावून लढता येऊ लागले. या खेळांची पार्श्वभूमी मात्र शहरातील गल्ल्या व गुंडांच्या टोळ्या हीच होती. गोल्डन ॲक्सने ही रीत खड्ग व मंत्र यांच्या पुराणकल्प जगात नेली. अमेरिकन लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड यांनी १९३२ मध्ये निर्माण केलेला कोनन हा रानटी योद्धा १९८२ मधील चित्रपटामुळे जगभर पोहोचला होता. त्या परंपरेची छाप या खेळातील वीरांच्या वेशावर व आयुधांवर स्पष्ट दिसते.

कथानक : यूरिया नामक देशात डेथ ॲडर या दैत्याने राजा व राजकन्या यांना बंदी करून देशाचे मानचिन्ह असलेली सुवर्णपरशू बळकाविली आहे. त्याने ज्यांचे आप्त मारले, असे तिघे सूडासाठी निघतात : ॲक्स बॅटलर हा खड्गधारी योद्धा, टायरिस फ्लेअर ही वीरांगना व गिलियस थंडरहेड हा परशुधारी बुटका. खेळाडूने यांपैकी एकाची निवड करावयाची असते. कथा साधीच आहे. तथापि मूळ यंत्रावरील तिचा शेवट मार्मिक आहे. एक मुलगा हाच खेळ खेळत असता यंत्र फुटून त्यातील पात्रे रस्त्यावर धावत सुटतात, असे त्यात दाखविले आहे.

चित्रण : सेगाच्या ‘सिस्टिम १६’ या यंत्ररचनेवर हा खेळ चाले. तीत मोटोरोला ६८००० हा मुख्य प्रक्रियक व ध्वनीसाठी झायलॉग झेड-८० हा दुय्यम प्रक्रियक असून पडद्यावरील चित्र ३२० × २२४ बिंदूंचे होते. एवढ्या मर्यादित साधनांत चित्रकारांनी मोठ्या आकाराच्या, ठसठशीत आकृती घडविल्या. स्थळांच्या कल्पना विशेष उल्लेखनीय आहेत. एक गाव प्रचंड कासवाच्या पाठीवर वसलेले आहे, तर एका टप्प्यातील वाट महाकाय गरुडाच्या पाठीवरून जाते. वाहने म्हणून अग्नी ओकणारे व्याल आहेत. शेपटीने फटकारणारा, चोचीचा द्विपाद प्राणीही त्यांत असून तो आल्टर्ड बीस्टमधून येथे आला आहे. जादूच्या प्रयोगात टायरिस अग्नी, गिलियस वीज आणि बॅटलर भूस्फोट घडवितो. त्या वेळी सारा पडदा उजळून निघतो.

खेळाची रीत व कठीणता : आठ दिशांना फिरणारी दांडी आणि प्रहार, उडी व जादू यांसाठी तीन बटणे, एवढीच साधने आहेत. अडचण असते ती परिस्थितीची. खोलीच्या दृष्टीने वीर व शत्रू एका ओळीत असल्याखेरीज वार लागत नाही; शत्रू मात्र दोन्ही बाजूंनी वीरास कोंडीत पकडतात. एकास मारण्यात गुंतलेल्या वीराच्या पाठीवर दुसऱ्याचा वार बसतो. वाहनावरून खाली पडल्यास तेच वाहन शत्रू पळवितो. जादू वापरताच साठविलेल्या सर्व कुप्या एकदम खर्ची पडतात. त्या कुप्या छोट्या चोरट्यांना लाथाडून मिळवाव्या लागतात आणि रात्रीच्या मुक्कामात वीर झोपले असता तेच चोरटे येऊन त्या लांबवितात. दोघे खेळत असल्यास एकाचा वार दुसऱ्यासही लागतो, त्यामुळे सहकार्याचे रूपांतर भांडणात होण्यास वेळ लागत नाही. जमिनीतून वर येणारे सांगाडे तर निष्णात खेळाडूसही जेरीस आणतात. यावर एक उपाय आहे : धावत येणाऱ्या शत्रूला हुलकावणी देऊन खड्ड्यात पाडावयाचे. परंतु हा डाव चुकल्यास खेळाडू स्वतःच खड्ड्यात जातो.

अर्थकारण : या कठीणतेचे कारण केवळ रचनाकाराच्या लहरीत शोधणे योग्य ठरणार नाही. जपानमध्ये १०० येनचे व अमेरिकेत २५ सेंटचे नाणे हा अशा यंत्रांवरील रूढ दर होता. एक खेळाडू एका नाण्यावर तासभर खेळत राहिला, तर चालकाचे नुकसान होई. उलट तो क्षणार्धात हरला, तर पुन्हा फिरकत नसे. म्हणून या दोहोंच्या मधला बिंदू साधावा लागे. यंत्राच्या आतील खटक्यांनी चालकास कठीणपणा कमीअधिक करता येई. वीर मरताच आकडे उलटे मोजले जात आणि नवे नाणे टाकल्यास खेळ तेथूनच पुढे सुरू होई. शेजारच्या यंत्रांच्या गर्दीतून गिऱ्हाईक खेचून आणणे हे चित्रांचे काम; त्यास वेळेवर बाहेर काढणे वा पुन्हा खिशात हात घालावयास लावणे हे शत्रूंचे काम. पुढील स्थळ पाहण्याचे कुतूहल हाच या दोहोंमधील दुवा होता.

घरगुती आवृत्ती : सेगाच्या मेगा ड्राइव्ह या घरगुती यंत्रासाठी खेळाची आवृत्ती १९८९ मध्येच निघाली. या यंत्राची रचना सिस्टिम १६ च्या धर्तीची होती, तथापि पडद्यावर एका वेळी सामान्यतः ६४ रंगच दाखविता येत असल्याने चित्रे काहीशी फिकी झाली. उलट, डेथ ब्रिंगर हा नवा अंतिम शत्रू व द्वंद्वयुद्धाचा स्वतंत्र प्रकार यांची भर पडली. घरात नाण्याचा प्रश्न उरला नाही. कठीणता मात्र राहिली. मृत्यूनंतर खेळ पुढे चालू ठेवण्याच्या संधी मोजक्याच असल्याने, जे अडथळे यंत्रघरात पैशाने ओलांडता येत ते घरी सरावानेच ओलांडावे लागत. खेळाचा वास्तविक विस्तार थोडा होता; हाच अडसर त्यास दीर्घायुष्य देई. अडथळा तोच राहिला, परंतु त्याचा अर्थ पालटला : जी चालकाची मिळकत होती, ती खेळाडूच्या कौशल्याची कसोटी ठरली.

पुढील इतिहास : गोल्डन ॲक्स २ (१९९१) व गोल्डन ॲक्स ३ (१९९३) हे मेगा ड्राइव्हसाठी, तर द रिव्हेंज ऑफ डेथ ॲडर (१९९२) हा आर्केडसाठी निघाला. यांपैकी शेवटचा चित्रदृष्ट्या अधिक संपन्न असूनही त्या काळी घरगुती यंत्रांवर आलाच नाही. २०२० मध्ये जपानात निघालेल्या ॲस्ट्रो सिटी मिनी या छोट्या यंत्रात तो समाविष्ट झाला. बीस्ट रायडर (२००८) या त्रिमितीय खेळास फारसे यश लाभले नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सेगाने या मालिकेतील नव्या खेळाची घोषणा केली.

मूळ खेळ आज संग्रहरूपाने नव्या यंत्रांवर उपलब्ध असून त्यांतील काहींवर हवे तेथे खेळ थांबवून स्थिती जतन करता येते. त्यामुळे कासवाच्या पाठीवरील गाव आता कोणासही सहज पाहता येते. परंतु नाणे संपत आले असता ते गाव प्रथमच दृष्टीस पडल्याचा आनंद या सोयीने मिळत नाही. खेळाच्या सौंदर्याचा काही भाग चित्रात होता, तसा काही भाग ते चित्र दुर्लभ असण्यातही होता. जुन्या खेळांचे जतन करताना त्यांची चित्रे व ध्वनी यांबरोबर त्यांचा व्यवहारही नोंदविणे का आवश्यक आहे, हे गोल्डन ॲक्सच्या उदाहरणावरून ध्यानात येते.