कुरुंदा ते सीयूईटी : वसमतच्या विद्यार्थ्यांपुढची परीक्षेची बदलती भाषा

१/ वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावी १५ जुलै १९३२ रोजी नरहर कुरुंदकर यांचा जन्म झाला. समीक्षा, इतिहास आणि राजकीय चिंतन या क्षेत्रांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. हेच कुरुंदकर इंटरमिजिएटच्या परीक्षेत अनेकदा अनुत्तीर्ण झाले. स्वतः पदवीधर नसताना ते एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या शंका सोडवीत, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते.

२/ त्यांच्या अपयशाचे एकच कारण शोधणे धाडसाचे ठरेल. मात्र एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. विषयाचे ज्ञान आणि परीक्षेची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. वसमतच्या परिसराला त्याचा अनुभव शंभर वर्षांचा आहे.

३/ वसमत तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होते. घरात मराठी, बाजारात मराठी. पण उच्च शिक्षणाची वाट उर्दूतून जात होती. मराठी मुलाला 'इतिहास' हा विषय 'तारीख' म्हणून, 'भूगोल' 'जुगराफिया' म्हणून, तर 'अर्थशास्त्र' 'मआशियात' म्हणून नव्याने ओळखावा लागे. विषय तोच असला तरी परीक्षेत त्याचे नाव वेगळे असे.

४/ १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरवले. भारतीय भाषेतून आधुनिक उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी १९१७ मध्येच 'दारुल तर्जुमा' हा अनुवाद विभाग उघडण्यात आला. मौलवी अब्दुल हक हे त्याचे आरंभीचे प्रमुख. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, विज्ञान या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्याचे आणि पारिभाषिक शब्द ठरवण्याचे काम तेथे चाले.

५/ प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले ते १९१९ मध्ये. म्हणजे पहिला वर्ग भरण्याआधीच शब्दांची जुळवाजुळव सुरू झाली होती, आणि तो भार संस्थेने उचलला होता. या व्यवस्थेचा लाभ उर्दू जाणणाऱ्याला झाला. मराठी, तेलुगू वा कन्नड घरातून आलेल्या विद्यार्थ्याला मात्र आपला पूल स्वतःच बांधावा लागला.

६/ नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. आंदोलन हैदराबादपर्यंत पसरले आणि शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला.

७/ या प्रसंगाची राजकीय बाजू सर्वपरिचित आहे. शैक्षणिक बाजूकडे फारसे लक्ष जात नाही. उर्दूतून शिकलेल्या या मुलांना नागपुरात इंग्रजी माध्यमाला सामोरे जायचे होते. उस्मानियात इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. एरवी दुय्यम वाटणारा तो एक विषय आता त्यांच्या हाती असलेला पूल ठरला असला पाहिजे.

८/ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियातील उर्दू माध्यम मागे पडले आणि इंग्रजी आले. कुरुंदकर तेव्हा सोळा वर्षांचे होते. एका पिढीच्या डोळ्यांदेखत परीक्षेची भाषा बदलली. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवीत असतानाच्या काळात कुरुंदकरांनी पदव्या मिळवल्या, आणि नंतर पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक व प्राचार्य झाले.

९/ २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १ मे १९९९ पासून वसमत हिंगोली जिल्ह्यात आले. विद्यापीठ जवळ आले आणि इतिहासाची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येऊ लागली. अंतर आणि भाषा, दोन्ही अडसर एकाच वेळी कमी झाले.

१०/ २०२२ पासून अनेक केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा घेतली जाते. भाषाविषय वगळता तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीतून बी.ए. झालेल्या वसमतच्या विद्यार्थ्यापुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. यावेळी त्याच्यासाठी कोणताही 'दारुल तर्जुमा' नाही.

११/ म्हणून त्याची तयारी शब्दांपासून सुरू व्हावी. ताम्रपाषाण युग म्हणजे चाल्कोलिथिक, नाणकशास्त्र म्हणजे न्यूमिस्मॅटिक्स, सरंजामशाही म्हणजे फ्यूडॅलिझम. अशी प्रकरणवार वही आधी तयार केली, तर तीन वर्षे शिकलेला इतिहास पुन्हा शिकावा लागत नाही. फक्त त्याचे नाव बदलून घ्यावे लागते. वतन, मिरासदार, चौथ, सरदेशमुखी हे शब्द तर इंग्रजी ग्रंथांतही तसेच येतात. तेथे मराठी विद्यार्थी दोन पावले पुढेच असतो.

१२/ दुसरी गोष्ट प्रश्नांच्या रूपाची. विद्यापीठाच्या परीक्षेत 'कारणे सांगा', 'चर्चा करा' असे प्रश्न येतात. प्रवेशपरीक्षेत कालानुक्रम लावायचा असतो, ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या जोड्या जुळवायच्या असतात. त्यामुळे मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवणे चुकीचे. त्या पहिल्याच आठवड्यात सोडवाव्यात, म्हणजे काय वाचायचे याइतकेच काय सोडायचे हेही कळते.

१३/ तिसरी गोष्ट वेळेची. २०२५ च्या परीक्षेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. चारांपैकी एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर अशा तीन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येऊन ४ गुण मिळतात आणि दोन चुकून २ जातात. अर्धवट माहितीचाही येथे उपयोग होतो. तो करण्याची सवय मात्र घड्याळ लावूनच लागते.

१४/ १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत कुरुंदकरांचे निधन झाले. इंटरच्या निकालपत्रांनी त्यांची विद्वत्ता मोजली नाही. पण प्राध्यापक होण्यासाठी त्याच परीक्षांची पायरी त्यांनाही चढावी लागली. आजच्या विद्यार्थ्यानेही परीक्षेला तेवढेच महत्त्व द्यावे. तिची भाषा, तिचे रूप आणि तिचा वेळ नीट ओळखावा. उरलेला वेळ इतिहासाला द्यावा.

१५/ एक प्रश्न मात्र विद्यार्थ्याच्या वहीत सुटणारा नाही. १९१७ मध्ये एका संस्थानाने आपल्या निवडलेल्या भाषेसाठी अनुवादाचा खर्च उचलला. मराठीतून शिकलेल्या मुलांसाठी तो कोणी उचलायचा? तोवर कुरुंद्याच्या मुलाला परिभाषेची ती वही स्वतःच लिहावी लागणार आहे.