उतारवयातील काडीमोड

तीस-पस्तीस वर्षे संसार झाला, मुलेमुली मार्गी लागली, आणि आता हे दोघे विभक्त होणार म्हणे! असा उद्गार हल्ली सुशिक्षित घरांत वरचेवर ऐकू येतो, आणि त्यात आश्चर्याइतकाच निषेधही असतो. परंतु उतारवयात पतिपत्नींनी दूर होणे ही गोष्ट आपल्याकडे मुळीच नवी नाही. बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडून निघाले तेव्हा त्यांनी प्रथम कोणती गोष्ट काढली? मैत्रेयी व कात्यायनी या दोन पत्नींमध्ये वाटणी करून देण्याची. मैत्रेयीने वित्त नाकारून अमृतत्वाचा मार्ग विचारला, आणि पुढील ब्रह्मचर्चेच्या तेजात ती वाटणी सर्वांच्या विस्मरणात गेली. कात्यायनीच्या पदरी काय पडले, हे कोणी विचारीत नाही. प्रस्तुत विषयाचा इतिहास हा बहुतांशी या कात्यायनीचाच इतिहास होय.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेले धर्माबाद घ्या. लाल मिरचीच्या बाजारपेठेमुळे हे गाव ठाऊक असते. आगगाडीने पुढे बासर आले की तेलुगू मुलूख लागतो. घटस्फोट हा शब्द रूढ होण्यापूर्वी या भागात, एकंदर महाराष्ट्राप्रमाणेच, काडीमोड, फारकत व सोडचिठ्ठी हे शब्द घरोघर परिचित होते. जातीच्या पंचांसमोर काडी मोडून संबंध तुटल्याचे जाहीर करावयाचे, म्हणून काडीमोड. पेशवाई संपल्यावर स्टील या इंग्रज अंमलदाराने दख्खनमधील जातींचे रिवाज विचारून घेतले व १८२७ साली ते ग्रंथरूपाने छापले. त्यातही सोडचिठ्ठी आणि पाट यांची नोंद आहे. या दोहोंची सांगड लक्षात घेण्याजोगी आहे. सोडचिठ्ठी घ्यावयाची ती मुख्यतः पुन्हा पाट लावता यावा म्हणून. जिला पाट लावावयाचा नाही अशा साठीच्या बाईने काडी मोडून करावयाचे काय? तेव्हा वृद्ध जोडपी काडी न मोडताच वेगळी होत. एकाने थोरल्या मुलाकडे राहावे, दुसऱ्याने धाकट्याकडे. नाहीतर एकाच वाड्यात चूल वेगळी मांडावी. ज्यास शक्य त्याने पंढरी किंवा काशी गाठावी. लोक त्यास वैराग्य म्हणत. त्यात वैराग्य किती आणि वैताग किती, हे त्या घरच्यांनाच ठाऊक!

ज्या जातींत पाट निषिद्ध होता, तेथे तर काडीमोडीचीही वाट नव्हती. कौटिल्याने परस्परद्वेषाने मोक्ष सांगितला खरा, पण धर्म्य विवाहांस तो लागू नाही असेही तेथेच म्हटले आहे. या बंधनाची चिवट पकड रखमाबाईंच्या आयुष्यात दिसते. त्यांच्या पतीने १८८४ साली मुंबईच्या न्यायालयात दावा लावला, आणि १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन तो मिटविला. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या, सुरतेस त्यांनी नाव मिळविले. परंतु ज्या पतीच्या घरी त्या नांदल्याच नाहीत, तो १९०४ साली वारला तेव्हा त्यांनी वैधव्याचा वेष धारण केला. पैसे देऊन दावा मिटला, नाते मिटले नाही.

कायद्याची चाल याहून संथ. बडोद्यास सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने तो १९४७ साली केला. सोलापूरची स्त्री त्यान्वये न्यायालयाची पायरी चढू शकत होती. धर्माबादची नव्हे, कारण धर्माबाद निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य गेले, तरी हिंदू कायद्याची सुधारणा दिल्लीत अडलेलीच होती. डॉ. आंबेडकरांनी हिंदू संहितेसाठी झगडून अखेर १९५१ साली मंत्रिपद सोडले. बहुसंख्य हिंदू समाजात रूढीने घटस्फोट चालतच आला आहे, हे त्यांनी विरोधकांना बजावले होते. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. या कायद्याने रूढीची काडीमोड रद्द केली नाही; ज्या जातीत ती सिद्ध होईल तेथे ती आजही ग्राह्य आहे. मात्र क्रूरता व परित्याग ही घटस्फोटाची कारणे व्हावयास, आणि परस्परसंमतीचा मार्ग उघडावयास, १९७६ साल उजाडावे लागले.

आता मार्ग आहे, पण वृद्धांची अडचण निराळी. अमेरिकेत पन्नाशीनंतरच्या घटस्फोटांचे प्रमाण १९९० ते २०१० या वीस वर्षांत दुपटीवर गेले. जपानने २००७ साली विवाहकाळात साठलेल्या निवृत्तिवेतनाचा अर्ध्यापर्यंतचा वाटा घटस्फोटितेस देण्याची सोय केली. आपल्याकडे सरकारी नोकराच्या मागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते ते त्याच्या विधवेस, आणि घटस्फोट घेतलेली स्त्री विधवा ठरत नाही. म्हणजे चाळीस वर्षे घर सांभाळून तिने मोकळीक मागितली, तर म्हातारपणीचा आधारही सोडावा लागतो. कित्येक बायका वर्षानुवर्षे वेगळ्या राहूनही कागद करीत नाहीत, त्यामागे लोकलज्जेइतकाच हा हिशेबही असला पाहिजे. लोकलज्जाही थोडी नव्हे. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ८९ वर्षांच्या पतीस घटस्फोट नाकारला, तो ८२ वर्षांच्या पत्नीने घटस्फोटितेचा डाग घेऊन मरावयाचे नाही असे सांगितले म्हणून. त्या पतीने १९९६ साली अर्ज केला होता.

धर्माबादच्या शेतकरी घरात तर निवृत्तिवेतनाचाही प्रश्न नाही. सातबाऱ्यावर नाव पतीचे असते, आणि हिंदू विवाह कायद्यात पतीने मिळविलेल्या मालमत्तेत पत्नीचा ठराविक वाटा सांगितलेला नाही. न्यायाधीश ठरवील ती पोटगी. मराठी बोलणाऱ्या आपल्याच गोव्यात मात्र पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या कायद्याने, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक समजतात, आणि घटस्फोट झाला की तिचे सारखे दोन भाग होतात.