मोबाईलने दिलेली मात

परवा दवनीवाड्याला भाच्याने मोबाईल पुढे केला. विसाव्या चालीला मी गारद! "मामाजी, ग्रँडमास्टरही हरतात याच्याशी. मग खेळायचं कशाला?"

मंडळी, याची सुरुवात जुनी आहे. १९८८ साली लाँग बीचच्या स्पर्धेत 'डीप थॉट'ने बेंट लार्सनला हरवलं. कास्पारोव्हने १९९६ मध्ये 'डीप ब्लू'ला ४-२ असं नमवलं, पण पुढच्याच वर्षी तो साडेतीन-अडीचने हरला. मला मात्र क्रामनिकचं वाईट वाटतं. २००६ साली बॉनला 'डीप फ्रिट्झ'समोर या जगज्जेत्याला एका चालीतली मात दिसलीच नाही. अगदी आपल्यासारखं!

आता सगळे तयारी यंत्रावरच करतात. पण २०२५ मध्ये आपली नागपूरची दिव्या देशमुख विश्वचषक जिंकली, तेव्हा समोर कोनेरू हंपी होती, यंत्र नव्हतं.

भाच्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "बरं, लाकडी पट काढा."