लटका मासा

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे सांगायला कोणी पंडित लागत नाही. आपल्या पूर्वजांनी तर त्याला ‘मत्स्यन्याय’ असे नाव देऊन थेट राजनीतीत नेऊन बसविले. परंतु शेकडो लहान मासे समोर असता मोठा मासा त्यांतला नेमका कोणता उचलतो? या प्रश्नाचा छडा फिनलंडमधील एका गरीब कोळ्याने लावला आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला.

गळाला आमिष लावण्याची विद्या तशी पुरातन आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने आपल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरणच घातले आहे. कोणत्या माशाला काय खायला घालावे, हे तो त्यात सांगतो. त्या माशांच्या तोंडी जाता जाता घास तरी पडे! आमच्या कथेतल्या माशांच्या नशिबी तेवढेही नाही.

या कोळ्याचे नाव लाउरी रापाला. जन्म १९०५ चा. पाइयेन्ने सरोवरात होडी घालावी, गळांना जिवंत मासोळ्या लावाव्यात आणि मिळेल त्यावर संसार चालवावा, असा त्याचा क्रम. मासोळ्या पकडण्यातच दिवसाचा कितीतरी वेळ जाई. वल्ही थांबवून तो पाण्यात पाहत राही. मासोळ्यांच्या थव्यावर शिकारी मासा झडप घाली, पण धडधाकट मासोळ्या सोडून, जी जराशी कलत, अडखळत पोहत असे, तीच तो आधी उचली. दुबळ्याला गाठणे सोपे, हा हिशेब त्यालाही कळत होता!

रापालाने मनाशी म्हटले, लाकडाची मासोळी अशीच लंगडली तर? १९३६ साली त्याने जोडे शिवणाराच्या रापीने बूच कोरले, त्यावर चॉकलेटचा चंदेरी वर्ख चढविला. रोगणाला पैसे नव्हते. म्हणून फोटोच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. लटका मासा पाण्यात लंगडू लागला आणि खरे मासे फसू लागले. पुढे ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकात या मासोळीवर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निवर्तलेली मेरिलिन मन्रो होती. अंक घरोघर गेला आणि मागणी पुरविता पुरविता कारखान्याच्या नाकी नऊ आले.

पण लाकूड ते लाकूडच. दाताखाली कठीण लागायचेच. मऊ आमिषाची सोय अमेरिकेतील ॲक्रन या गावी झाली. तेथे १९२६ साली वॉल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर धातूला चिकटविण्याचे साधन शोधीत होता. हाती आले ते लवचिक प्लास्टिक. त्याच गावच्या निक क्रीम याने १९४९ मध्ये तसलेच प्लास्टिक घरच्या चुलीवर कढवून, साच्यात ओतून मऊ गांडूळ बनविले. गांडुळामागून मऊ मासोळ्याही आल्या. त्यांतल्या कित्येकींची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. दोरी ओढली की ती डावी-उजवी फडफडते. माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते. पाण्यातली थरथर त्याला तिच्यामुळे जाणवते. गढूळ पाण्यात डोळ्यांना न दिसणारी मासोळीही त्याला अशी सापडते. मध्येच दोरी सैल सोडावी, म्हणजे ती थकल्यासारखी तळाकडे जाते. युक्ती तीच, रापालाची!

मात्र एक खोट राहिली. खरी मासोळी कुजून पाण्यात मिसळते. तुटून तळाशी गेलेले प्लास्टिक वर्षानुवर्षे तसेच पडून राहते आणि कधी कधी माशाच्या पोटातही जाते. जी युक्ती पाण्याकडे टक लावून पाहिल्याने सुचली, ती वापरणाऱ्यांनीच पाण्याकडे पाठ फिरवावी, हे बरे नव्हे. गळ टाकायला जाणाऱ्याने फाटलेली मासोळी खिशात घालून घरी आणावी, एवढे तर कोणालाही जमेल.

आणि रापाला? रोगणालाही महाग असलेला तो कोळी जगाच्या थव्यात स्वतःच एक लंगडी मासोळी होता. मत्स्यन्यायाने त्याला केव्हाच गिळायचे. पण त्याने त्या न्यायाचेच नीट निरीक्षण केले आणि मुलाबाळांच्या मुखी घास घातला.