राजगडाची दुहेरी भिंत

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं आम्ही चार स्नेही राजगड पाहावयास गेलों. पुण्याहून भल्या पहाटे निघून नसरापुरावरून गुंजवण्यास पोहोंचलों, आणि ऊन तापण्यापूर्वीं चोरदरवाजाच्या वाटेनें पद्मावती माचीवर आलों. रायगडास जाणाऱ्याची दृष्टि सिंहासनाच्या जागेकडे लागलेली असते. राजगडास तसें कांहीं नाहीं. परंतु राजधानी रायगडास जाण्यापूर्वीं वीसांहून अधिक वर्षें स्वराज्याचा कारभार येथून चालला. सईबाईंचें निधन १६५९ सालीं येथेंच झालें. राजाराममहाराजांचा १६७० मधील जन्महि येथलाच.

बालेकिल्ल्यावर चढून आम्हीं उत्तरेस सिंहगड व पूर्वेस पुरंदर पाहिला, आणि मग संजीवनी माचीकडे वळलों. ही माची तोरण्याच्या बाजूस सोंडेसारखी लांबत गेली असून टप्प्याटप्प्यानें उतरते. तिचा तट दुहेरी आहे. बाहेर एक भिंत, तिच्या आंत एका माणसानें जेमतेम चालावें एवढी वाट, आणि मग दुसरी भिंत. बाहेरची तोफेनें ढासळली तरी शत्रूपुढें आंतली उभी राहावी, ही योजना.

तेथें शिदोरी सोडली असतां आमच्यांतील एकानें वाद काढला. "मघां आपण पाहिलेला सिंहगड आणि पुरंदर धरून २३ किल्ले महाराजांनीं १६६५ सालीं मिर्झाराजे जयसिंगास दिले. त्यास आपण मुत्सद्देगिरी म्हणतों. पराभवास पराभव म्हणतांना आपली जीभ कां अडखळते?"

प्रश्न रास्त होता. त्या वर्षीं एप्रिलांत वज्रगड पडला, आणि पुरंदर मोंगली तोफांच्या तोंडीं आला. मुरारबाजी देशपांडे कामास आले. जूनच्या तहानें किल्ल्यांबरोबर ४ लक्ष होनांचा मुलूख गेला. मागें उरले १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख. हा पराभवच होता. पुढें साडेचार वर्षांहून अधिक काळ या गडावरील माणसांस समोरचा कोंढाणा परक्यांच्या ताब्यांत पाहावा लागला. ही गोष्ट झांकणें म्हणजे त्या माणसांनीं सोसलेलें नाकारणें होय.

मात्र गेलेल्यांची यादी वाचणाऱ्यानें राहिलेल्यांचीहि वाचावी. राजगड, तोरणा, रायगड हे त्या बारांत होते. डोंगरांतला गाभा हातीं राहिला, म्हणून १६६६ सालीं आग्र्याहून निसटलेल्या महाराजांस परतावयास स्वतःचा गड होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांनीं कोंढाणा घेतला व ते तेथेंच पडले. गडावर पेटविलेला उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहिला, असें कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत आहे. पुढल्याच महिन्यांत पुरंदरहि परत आला.

हें ऐकून आमचे मित्र म्हणाले, "आंतली भिंत राहिली हें कबूल. पण तिचें कौतुक करतांना बाहेरची पडली होती, हें मुलांस सांगाल कीं नाहीं?"

आम्हांस वाटतें, हेंच सांगितलें पाहिजे. पडझडीचा हिशेब गाळून लिहिलेल्या इतिहासांत तो तह केवळ एक युक्ति ठरतो, आणि तानाजी कशासाठीं पडले हेंहि नीट समजत नाहीं. ज्या गवंड्यानें येथें दुसरी भिंत बांधली त्यानें पहिली पडूं शकेल हें मनांत धरूनच बांधली; त्याला त्यांत गडाचा कमीपणा वाटला नाहीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशांत घेतले, त्यांत राजगडहि आहे. आतां येथें येणारांची संख्या वाढेल. त्यांनीं संजीवनीच्या दोन भिंतींमधून एकवार चालून जावें, आणि दोहोंवर हात ठेवावा.

उन्हें कलतांना आम्ही गड उतरूं लागलों. वाद मिटला नव्हता. परंतु वाटेवर थांबून आमच्या मित्रानेंच पुन्हां एकदां सिंहगडाकडे वळून पाहिलें.